छोट्या ट्रेलरच्या टपावर सोलर पॅनेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीमागे ओढायचा, एका अ‍ॅक्सलचा, दोघातिघांना पुरेल एवढा ट्रेलर आणि त्यातली १२ व्होल्टची बॅटरी, एवढं गृहीत धरून ही उत्तरं लिहिली आहेत. घराच्या गच्चीवरच्या सोलरचा अनुभव इथे अर्धाच कामी येतो. गच्ची हलत नाही, टप हलतो, आणि टपावर जागाही मोजकीच असते.

किती वॉटचं पॅनेल घ्यावं?

आधी विजेचा रोजचा खर्च कागदावर मांडा, पॅनेलचं नंतर बघू. प्रत्येक वस्तूचे वॉट गुणिले ती दिवसाला किती तास चालते, म्हणजे वॉट-तास. ३ वॉटचे चार एलईडी दिवे चार तास लावले तर ४८. पाण्याचा पंप ६० वॉटचा असला तरी दिवसभरात मिळून जेमतेम पाव तास चालतो, म्हणजे १५. टपातला पंखा २५ वॉटचा, रात्रभर आठ तास: २००. दोन फोनचे ३०, लॅपटॉप एकदा पूर्ण चार्ज करायला ६०. झाले साधारण ३५० वॉट-तास. आता यात १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज आला की सगळा हिशोब फिरतो. ४५ वॉटचा फ्रीज चोवीस तासांपैकी ४० टक्के वेळ चालतो असं धरलं, तर तो एकटाच ४३० खातो आणि बेरीज ७८० वर जाते.

या बेरजेवरून पॅनेलकडे यायचं. सकाळचं कोवळं आणि दुपारचं कडक असं दिवसभराचं ऊन चौरस मीटरला १००० वॉट या मापाने मोजलं की जेवढे तास भरतात, ते पूर्ण उन्हाचे तास. ते साडेचार धरा. उष्णता, धूळ, पॅनेल सपाट असणं, वायर या सगळ्यांत जाणारं वजा करायला ०.७ ने गुणा. १०० वॉटच्या पॅनेलमागे दिवसाला ३१५ वॉट-तास हाती येतात. म्हणजे फ्रीज नसेल तर १०० वॉट किंचित कमीच पडतील. फ्रीज असेल तर २५० लागतील, आणि ढगाळ दिवसाची सोय म्हणून ३०० बसवलेले बरे. विषुववृत्तापासून लांबच्या प्रदेशात हिवाळ्यात हे तास दोनवर किंवा त्याच्याही खाली येतात. तिथे टपावरच्या पॅनेलच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका.

टपावर मावतंय म्हणून ४०० वॉट चढवणारे पुष्कळ दिसतात. मी आधी पंखा खरंच रात्रभर लागतो का ते बघेन. रोजचे १०० वॉट-तास वाचवले की टपावरचे ३० वॉट वाचले, आणि त्याला ड्रिल लागत नाही.

१०० वॉटच्या पॅनेलमधून १०० वॉट का येत नाहीत?

पॅनेलवर छापलेले वॉट प्रयोगशाळेतले असतात: चौरस मीटरला १००० वॉट प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश सेल्सिअस. टपावर भर उन्हात सेल सहज ६० अंशांवर जातो. सिलिकॉनच्या पॅनेलची ताकद २५ च्या वर दर अंशाला सुमारे ०.३५ ते ०.४ टक्क्याने घटते, म्हणजे १२ ते १४ टक्के नुसत्या उष्णतेत गेले. सूर्य डोक्यावर नसेल तर सपाट पॅनेलला आणखी कमी प्रकाश मिळतो. भर दुपारी ७० ते ८० वॉट दिसले की समजा सगळं व्यवस्थित आहे.

याच्याशी निगडित एक घाबरवणारा प्रकार: दुपारी दोनला लख्ख ऊन आणि कंट्रोलर, म्हणजे पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणारा डबा, दाखवतो १० वॉट. बहुतेक वेळा कारण एवढंच असतं की बॅटरी भरत आली आहे आणि कंट्रोलरने हात आखडता घेतला आहे. दोन दिवे आणि पंखा लावून बघा, आकडा लगेच वर येईल.

एसी चालेल का?

नाही. टपावर बसणारा नेहमीचा एसी चालताना हजार वॉटच्या आसपास घेतो, आणि तो तासन् तास चालवायचा असतो. तेवढी पॅनेल टपावर मावत नाहीत, तेवढी बॅटरी ट्रेलरला पेलत नाही.

मग किटली, मायक्रोवेव्ह?

ही वेगळी गोष्ट आहे, कारण ती मिनिटांची कामं आहेत. १००० वॉटची किटली सहा मिनिटं लावली तर १०० वॉट-तास जातात, ते दिवसात भरून निघतात. अडचण येते ती एका दमात लागणाऱ्या करंटची. १२ व्होल्टवर हजार वॉट म्हणजे इन्व्हर्टरची तूट धरून ९० अँपिअरच्या वर. लेड-अ‍ॅसिडची एकच १०० अँपिअर-तासांची बॅटरी एवढ्या ओढीला व्होल्टेज सोडते आणि इन्व्हर्टर शिट्टी मारून बंद पडतो. लिथियमची चांगली बॅटरी आणि जाड, आखूड वायर असेल तर चालतं. गॅसची शेगडी हाताशी असताना पाणी विजेवर उकळावं का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

ट्रेलरमध्ये आधीपासून गॅसवर आणि १२ व्होल्टवर चालणारा फ्रीज आहे. तो सोलरवर चालवू का?

हा सापळा आहे. त्या फ्रीजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. उष्णतेच्या जोरावर तो थंडावा तयार करतो आणि १२ व्होल्टवर ठेवला की आतली कॉइल १२० ते १७५ वॉट जवळपास सतत जाळत बसते. दिवसाचे ३ ते ४ हजार वॉट-तास होतात. गाडी धावत असताना १२ व्होल्ट आणि मुक्कामाला गॅस, हीच त्याची रीत ठेवा. सोलरवर फ्रीज चालवायचाच असेल तर कॉम्प्रेसरवाला घ्यावा लागेल.

पॅनेल टपावर नेमकं कुठे बसवायचं?

पॅनेल मागवण्याआधी त्याच्या मापाचे पुठ्ठे कापा आणि टपावर मांडून बघा. नेहमीचं १०० वॉटचं पॅनेल साधारण एक मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद असतं. कागदावर ते मावतं. टपावर मात्र पंख्याचं झाकण असतं, टाकीची हवेची नळी असते, अँटेना असते, आणि मधल्या जागेत वर चढल्यावर पाय कुठे ठेवायचा हाही प्रश्न असतो. पंख्याचं झाकण पूर्ण उघडून बघायला विसरू नका. मिटलेलं असताना छान बसणारं पॅनेल झाकण उघडताच त्याला आपटतं, किंवा उघड्या झाकणाची सावली बरोबर पॅनेलवर पडते.

सावली म्हटली की पूर्ण झाड डोळ्यासमोर येतं, पण टपावर खरा घात करते ती तळहाताएवढी सावली. १०० वॉटच्या पॅनेलमध्ये बहुधा ३६ सेल एकामागोमाग जोडलेले असतात आणि सगळ्यांतून एकच करंट वाहतो. एक सेल झाकला गेला की त्या रांगेचा करंट त्याच्यामुळे अडतो. पॅनेलमागच्या डबीतले बायपास डायोड अडलेली रांग वळसा घालून टाळतात, पण असे डायोड बहुतेकदा दोनच असतात. म्हणजे एका सेलवरच्या सावलीपायी अर्धं पॅनेल गेलं. पुठ्ठे मांडलेल्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला वर डोकावून बघा. एसीचा उंचवटा असेल तर त्याच्यापासून जमेल तेवढं लांब राहा, कारण सकाळ-संध्याकाळ त्याची सावली त्याच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट पसरते. थोडं छोटं पॅनेल पूर्ण उन्हात बसवलेलं मोठ्या पण अर्धवट सावलीतल्या पॅनेलला मागे टाकतं.

काचेचं कडक पॅनेल की वाकणारं पातळ पॅनेल?

टप सपाट असेल तर काचेचं, अॅल्युमिनियमच्या चौकटीचं. १०० वॉटचं वजन ६ ते ७ किलो, पण खालून हवा खेळते आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. गारांचीही फार धास्ती नको: या पॅनेलच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २५ मिलिमीटरची गार सेकंदाला २३ मीटर वेगाने काचेवर आदळवून बघतात.

वाकणारं पॅनेल दीड-दोन किलोचं आणि दिसायला देखणं. पण ते टपाला चिकटून बसतं, त्यामुळे तापतं. सेलना बारीक चिरा पडतात, वरचं प्लॅस्टिक धुरकट होत जातं. टप गोलाकार असेल, पाय बसवायला सपाट जागाच नसेल, तर पर्याय नाही. तेव्हा ते थेट टपाला न चिकटवता पोकळ पॉलिकार्बोनेटच्या पातळ पत्र्यावर चिकटवून तो पत्रा टपावर लावा. थोडी हवा मिळते, आणि चार वर्षांनी बदलायची वेळ आली तर टप खरवडावा लागत नाही.

टपाला भोकं पाडावीच लागतात का? नुसतं चिकटवून चालत नाही?

टप कशाचा आहे त्यावर ठरतं. फायबरग्लास किंवा अॅल्युमिनियमचा गुळगुळीत, घट्ट टप असेल तर पॉलियुरेथेनच्या गाडी-बांधणीच्या चिकटद्रव्याने पाय पक्के बसतात. रबराच्या पडद्याचा टप असेल, म्हणजे ईपीडीएम किंवा टीपीओ, तर गोष्ट वेगळी. तिथे वरचा पडदा पातळ प्लायवर चिकटवलेला असतो. तुम्ही लावलेलं चिकटद्रव्य कितीही जबरदस्त असलं तरी ते फक्त पडद्याला धरतं, आणि पडदा प्लायला ज्या जुन्या डिंकाने धरलाय तेवढीच सगळ्याची ताकद. अशा टपावर स्क्रू लाकडापर्यंत गेलेच पाहिजेत.

किती ताकद लागते याचा अंदाज घ्या. ताशी १०० किलोमीटर वेगाला वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ४६० न्यूटन होतो. अर्ध्या चौरस मीटरच्या पॅनेलखाली हवा शिरून तो सगळा दाब उचलायला लागला, तर २३ किलोचा झटका. समोरून जोराचा वारा आला आणि वाऱ्याशी तुलनेत वेग १३० झाला की हाच आकडा ४० किलोवर जातो, कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. चार पाय नीट बसवले असतील तर हे ओझं काहीच नाही. नीट बसवलेले नसतील तर ते पॅनेल हमरस्त्यावर मागून येणाऱ्याच्या काचेवर जाईल.

भोक पाडायची माझी पद्धत सांगतो. आडवे लाकडी किंवा धातूचे वासे कुठे आहेत ते आधी शोधायचं. टपावर बोटांनी ठोकत गेलं की आवाज बदलतो, आणि छोटं लोहचुंबक फिरवलं तर जुन्या स्क्रूंच्या रांगेवर ते अडतं. ड्रिलच्या पात्याला हवी तेवढी लांबी सोडून चिकटपट्टी गुंडाळायची, कारण छोट्या ट्रेलरचा टप दोन ते पाच सेंटिमीटर जाड असतो आणि आत दिव्यांच्या वायरी पसरलेल्या असतात. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. ईपीडीएमवर पेट्रोल, थिनर असलं काही लावायचं नाही, रबर फुगतं. पायाखाली ब्युटाइल टेपचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मऊ चिकट रबरी पट्टीचा, तुकडा, भोकात थोडं सीलंट, मग स्क्रू. शेवटचे दोन-तीन आटे मशीनने न मारता हाताने आवळायचे, चारी कडांनी ब्युटाइल किंचित बाहेर डोकावेपर्यंतच. त्यापुढे आवळलं तर प्लाय चुरतो आणि स्क्रू नुसता गरगर फिरतो. वरून टपासाठीचं, आपोआप पसरणारं सीलंट स्क्रूचं डोकं पूर्ण झाकेल आणि पायाच्या कडेबाहेर बोटभर जाईल इतकं ओतायचं.

सिलिकॉन मात्र वापरू नका. रबराच्या टपाला ते धरत नाही, आणि एकदा लावलं की त्या जागी नंतर दुसरं काहीही चिकटत नाही.

पॅनेल आणि टप यांच्यात तीन-चार सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. उष्णता निघून जाते आणि पालापाचोळा अडकत नाही.

वायर टपातून आत कशी आणायची?

वायर आत घेण्याची झाकणाची डबी मिळते. ती टपावर बसवून भोक तिच्या पोटात घ्या, आणि तिची तोंडं गाडीच्या मागच्या बाजूला करा, म्हणजे धावताना पाऊस आत ढकलला जाणार नाही. गॅसच्या फ्रीजचा धुराडा टपावर असेल तर नवीन भोक न पाडता त्याच्या जाळीतून वायर उतरवता येते, फक्त गरम भागापासून लांब बांधा. काही जण सांडपाण्याच्या टाकीच्या हवेच्या नळीतून वायर सोडतात. मी तसं करणार नाही, कारण तिथे सांध्यात जराशी फट राहिली की वास आत येतो. वायर आत शिरण्याआधी तिला खाली छोटा झोल द्या. पाणी तिथेच ठिबकून जातं.

दोन पॅनेल सिरीजमध्ये जोडू की पॅरललमध्ये? आणि वायर किती जाड?

हे दोन प्रश्न एकत्रच सोडवावे लागतात. सिरीज म्हणजे एकाचं प्लस दुसऱ्याच्या मायनसला, पॅरलल म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस. १०० वॉटचं पॅनेल चालताना साधारण १८ व्होल्ट आणि ५.५ अँपिअर देतं. दोन पॅरललमध्ये जोडली तर १८ व्होल्ट, ११ अँपिअर. सिरीजमध्ये ३६ व्होल्ट, ५.५ अँपिअर. वॉट तेवढेच, पण वायरला जड जातो तो करंट. टपापासून कंट्रोलरपर्यंत ५ मीटर अंतर धरा, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर वायर. ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत पॅरललला सुमारे अर्धा व्होल्ट पडतो, म्हणजे १८ पैकी २.७ टक्के. सिरीजला पाव व्होल्ट पडतो, तोही ३६ पैकी, म्हणजे एक टक्काही नाही. ३ टक्क्यांपर्यंत चालवून घेतात, तेव्हा दोन पॅनेलना ४ ची वायर दोन्ही प्रकारे चालते. तिसरं पॅनेल पुढे लावायचा विचार असेल तर आताच ६ ची घाला. वायर नंतर बदलणं हे सगळ्यात वैतागाचं काम आहे.

झाडाखाली, अर्धवट सावलीत मुक्काम करण्याची सवय असेल तर पॅरलल बरं, एका पॅनेलवरची सावली दुसऱ्याला सहसा नडत नाही. मोकळ्या माळावर राहणाऱ्यांना सिरीज. सिरीजला एमपीपीटी प्रकारचा कंट्रोलर मात्र हवाच, त्याबद्दल पुढच्या प्रश्नात.

पीडब्ल्यूएम की एमपीपीटी?

पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो. पॅनेल १८ व्होल्टवर ५.५ अँपिअर द्यायला तयार, पण बॅटरी १३ वर असेल तर हाती येतात १३ गुणिले ५.५, म्हणजे ७२ वॉट. एमपीपीटी तेच जादा व्होल्ट करंटमध्ये बदलून देतो. एकच १०० वॉटचं पॅनेल आणि बेताचं बजेट असेल तर पीडब्ल्यूएमने काही बिघडत नाही. त्याच्या वर एमपीपीटीच घ्या.

निवडताना दोन आकडे बघायचे. पहिला अँपिअरचा: पॅनेलचे एकूण वॉट भागिले १३. ३०० वॉटला २३, म्हणजे ३० अँपिअरचा कंट्रोलर. दुसरा पॅनेलच्या बाजूच्या व्होल्टचा, आणि तिथे थंडी विसरायची नाही. उघड्या टोकांना पॅनेल २२ व्होल्ट दाखवतं, आणि थंडीत ते दर अंशाला ०.३ टक्क्याने वाढतं. तीन पॅनेल सिरीजमध्ये ६६ होतात, उणे १० अंशांच्या सकाळी ७३. ७५ व्होल्टच्या कंट्रोलरला ते अगदी काठावर जातं. अँपिअर थोडे जास्त झाले तर बहुतेक एमपीपीटी ते कापून टाकतात, व्होल्ट जास्त झाले तर जळतात.

फ्यूज कुठे लावायचे?

बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात एक, कंट्रोलरकडे जाणाऱ्या वायरीवर. २० अँपिअरच्या कंट्रोलरला ६ चौरस मिलिमीटरची वायर आणि ३० चा फ्यूज. फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो, म्हणून तो वायरीला झेपेल तेवढाच. पॅनेलच्या बाजूला दोनपर्यंत पॅरलल असतील तर फ्यूज लागत नाही. तीन किंवा जास्त पॅरलल असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र लावा, पॅनेलमागच्या लेबलवर दिलेला, बहुधा १५ अँपिअरचा. एकात दोष आला तर बाकीच्यांचा करंट त्याच्यात उलटा घुसतो.

पॅनेल आणि कंट्रोलरच्या मध्ये एक स्विच हवा, तोही डीसीसाठीचा, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटसाठीचा. घरच्या विजेचा, दिशा बदलत राहणारा एसी करंट सेकंदाला कितीतरी वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी आपोआप विझते. डीसीचा येत नाही. घरातला एमसीबी इथे लावू नका.

जोडणी कोणत्या क्रमाने करायची?

आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनेल. काढताना उलट, आधी पॅनेल. बॅटरी बघूनच कंट्रोलर आपण १२ व्होल्टच्या जोडणीत आहोत हे ओळखतो. नुसतं पॅनेल लावलं तर काही कंट्रोलर गोंधळतात, काही जातात.

जोडण्याआधी प्रत्येक टोक मल्टिमीटरने तपासा, वायरीच्या रंगावर विसंबू नका. पॅनेलच्या वायरींच्या टोकांना असणाऱ्या एमसी४ कनेक्टरमध्ये नर-मादीचा घोळ नेहमीचाच: बाहेरून नर दिसणारा आतून मादी असतो. पॅनेल उजेडात आलं की ते चालूच असतं, त्याला बंद करायचं बटण नाही. म्हणून काम करताना त्यावर जाड चादर टाका, आणि करंट वाहत असताना कनेक्टर कधीही ओढून काढू नका.

बॅटरी लेड-अ‍ॅसिड चालेल की लिथियम घ्यावी?

१०० अँपिअर-तासांच्या लेड-अ‍ॅसिडमधून निम्मंच वापरावं, म्हणजे ६०० वॉट-तास. त्याखाली रोज नेली तर लवकर मरते. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट १२८० वॉट-तास साठवते आणि त्यातले हजारेक बिनघोर वापरता येतात. वजन निम्म्याहून कमी. वर सांगितलेल्या फ्रीजच्या ७८० च्या हिशोबाला एक लिथियम पुरते, लेड-अ‍ॅसिडच्या दोन लागतात.

लिथियमचं पथ्य एक: शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही, आत धातूचा थर जमून कायमची खराब होते. चांगल्या बॅटरीत ते अडवणारं सर्किट असतं, तरी बॅटरी ट्रेलरच्या आत ठेवलेली उत्तम. लेड-अ‍ॅसिडचं पथ्य दुसरं: चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, म्हणून तिच्या खोक्याला बाहेर उघडणारी नळी हवी आणि कंट्रोलर त्या खोक्यात नको.

बॅटरी बदलली की कंट्रोलरमधला प्रकारही बदला. लिथियमला १४.२ ते १४.४ व्होल्ट, इक्वलायझेशन (लेड-अ‍ॅसिडसाठी अधूनमधून मुद्दाम दिलं जाणारं जास्त व्होल्टेजचं चार्जिंग) बंद, तापमानानुसार व्होल्टेज बदलणंही बंद.

सोलर, गाडीकडून येणारं चार्जिंग आणि आधीचा चार्जर एकमेकांत भांडतील का?

नाही. प्रत्येक जण बॅटरीचं व्होल्टेज बघून आपापलं काम करतो. फक्त लिथियम लावली असेल तर ट्रेलरचा जुना चार्जर तिला पूर्ण भरू शकत नाही, आणि गाडीकडून येणाऱ्या बारीक वायरीवर ती भलता करंट ओढते. त्या वायरीवर डीसी-टू-डीसी चार्जर बसवा, तो करंट मर्यादेत ठेवून बॅटरीला योग्य व्होल्टेज देतो.

माझ्या ट्रेलरवर ‘सोलर रेडी’ लिहिलंय. म्हणजे काय?

बहुतेकदा एवढंच की कुठेतरी एक वायर आधी टाकून ठेवली आहे. ती किती जाड आहे, दुसरं टोक कुठे निघतं आणि मधे फ्यूज आहे का, हे स्वतः शोधा. बाजूच्या भिंतीवरचं सॉकेट असेल तर मीटर लावल्याशिवाय काहीही खुपसू नका. काही ट्रेलरमध्ये त्याचे प्लस-मायनस नेहमीच्या उलट असतात.

इन्व्हर्टर कंट्रोलरच्या ‘लोड’ टोकांना जोडू का?

नको. ती टोकं १०-२० अँपिअरच्या दिव्या-पंख्यांसाठी असतात. इन्व्हर्टर थेट बॅटरीला, स्वतःच्या फ्यूजसकट. आणि वापर नसेल तेव्हा तो बंद ठेवा, रिकामा चालतानाही तो वीज खातो. १० वॉट खाणारा इन्व्हर्टर चोवीस तासांत २४० वॉट-तास घेतो, म्हणजे पंख्यापेक्षा जास्त.

टपावरच्या वजनाने ट्रेलरचा तोल बिघडेल का?

दोन पॅनेल आणि त्यांचे पाय मिळून १५-१६ किलो, त्याने सहसा बिघडत नाही. बिघडतं ते दुसऱ्याच कारणाने. लोक पुढच्या दांड्यावरची २८ किलोची लेड बॅटरी काढतात आणि १२ किलोची लिथियम मागच्या पलंगाखाली ठेवतात. पुढचं वजन गेलं, अ‍ॅक्सलच्या मागे वाढलं, म्हणजे हुकवरचा भार दोन्ही बाजूंनी घटला. ट्रेलर वेगात शेपटी हलवायला लागतो. बदल केल्यावर हुकवरचं वजन मोजून ट्रेलरच्या पुस्तिकेतल्या मर्यादेत आणा.

पॅनेल तिरपी करायची सोय करावी का?

हिवाळ्यात लांब अक्षांशावर, एकाच जागी आठवडाभर मुक्काम असेल तर भरपूर फायदा होतो. रोज जागा बदलणाऱ्याने त्या भानगडीत पडू नये. शिडी लावून चढायचं, उचलायचं, वारा आला की पुन्हा चढायचं, आणि निघताना पाडायचं विसरलं तर काय होईल ते वर वाऱ्याच्या हिशोबात आलंच आहे. त्यापेक्षा घडीचं सुटं पॅनेल ठेवा. ट्रेलर सावलीत, पॅनेल दहा मीटरवर उन्हात. त्याला स्वतःचा कंट्रोलर असेल तर ते थेट बॅटरीला जोडा, टपाच्या कंट्रोलरमधून नेऊ नका.

ट्रेलर महिनोन् महिने उभा असेल तर?

उघड्यावर असेल आणि बॅटरी लेड-अ‍ॅसिड असेल तर सोलर चालू राहू द्या. लिथियम निम्म्यापेक्षा थोडी जास्त भरून सुटी करा. शेडमध्ये असेल तर ऊन नाही, पण गॅसगळती ओळखणारं यंत्र आणि रेडिओची मेमरी बॅटरीतून थोडं थोडं घेतच राहतात. बॅटरीची वायर काढा किंवा मेन स्विच बंद करा.

देखभाल काय?

साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने पुसणं, तेही उन्हात तापलेलं नसताना. वर्षातून दोनदा सीलंटला चिरा पडल्यात का आणि बोल्ट ढिले झालेत का ते बघणं. पहिल्या लांब प्रवासानंतर मात्र लगेच बघा, ढिलं व्हायचं ते तेव्हाच होतं.

ऊन आहे, पण चार्जच होत नाही. सुरुवात कुठून करू?

मीटर घ्या आणि बॅटरीकडून टपाकडे जा. बॅटरीच्या टोकांवर किती व्होल्ट आहेत? तेवढेच कंट्रोलरच्या बॅटरीच्या टोकांवर दिसतात का? नसतील तर मधला फ्यूज उडालाय किंवा लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) ढिली आहे. तिथे ठीक असेल तर पॅनेलची टोकं बघा. शून्य असेल तर स्विच बंद आहे किंवा टपावरचा एमसी४ पूर्ण बसलेला नाही. तो बसताना टक असा आवाज यायला हवा. व्होल्ट भरपूर आणि करंट शून्य असेल, तर बॅटरी भरलेली आहे का किंवा लिथियमने थंडीमुळे चार्जिंग अडवलंय का ते पाहा.

राहिलं ते निम्म्या करंटचं दुखणं. दोन पॅनेल पॅरललमध्ये असतील आणि त्यातलं एक मेलं, तरी व्होल्ट तेवढेच दिसतात, म्हणून मीटर काही सांगत नाही. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर भर दुपारी, बॅटरी भरलेली नसताना, एकेका पॅनेलच्या वायरीला लावा. एकात पाच अँपिअर आणि दुसऱ्यात शून्य आले की दुसऱ्याचा कनेक्टर उघडून बघा. पाणी शिरून आतली पिन हिरवी पडलेली असेल तर फक्त कनेक्टर बदलायचा आहे. नवा त्याच कंपनीचा घ्या, वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसल्यासारखे वाटले तरी सांधा तापतो.